सलाफहादाच्या मुली व चुलीसाठी एक एकर

शास्त्रपाठ : गणना २७:१–११, यहोशवा १७:३–६, लेवीय २५:१–७, नीतिसूत्रे ३१:१०–३१

ह्या आठवड्याच्या पाठात आपणांस पाच बहिणींचा विचार करावयाचा आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशी त्यांची नावे असून त्या मनश्शेच्या वंशातील सलाफहादाच्या मुली होत. बाप रानात मरण पावला होता. त्यास मुलगा नव्हता. वचनदत्त देशाची वाटणी घराण्याघराण्याने व्हावयाची होती, आणि तिच्या यादीत नावे पुरुषांची होती. तेव्हा ह्या बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. केवळ मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसावे असे त्यांनी विचारले, व आपला वाटा मागितला. मोशेने त्यांस दटावले नाही, तसेच आपल्या मनाने निकालही दिला नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले. निकाल मुलींच्या बाजूने झाला, आणि तो त्या पाच जणींपुरता न राहता सर्व इस्राएलास नियम होऊन बसला. पुढे यहोशवाच्या काळी प्रत्यक्ष जमीन देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांस पुन्हा एकदा जाऊन त्या आज्ञेची आठवण द्यावी लागली. ही दुसरी गोष्ट उपदेशकांनी शिकविताना गाळू नये. हुकूम होणे व सातबारावर नाव चढणे ह्यांत किती अंतर असते, हे आमच्या खेड्यांतील विधवांस चांगले ठाऊक आहे.

ह्या पाठाचा शेतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या तुळजापूर तालुक्यात शेती पुढील पिढीपर्यंत टिकावी कशी, ह्याची चिंता घरोघरी आहे. तिचे उत्तर लोक बियाण्यात, खतात व पाण्यात शोधितात, आणि उत्तराचा काही भाग तेथे सापडतोही. परंतु कोणत्या तुकड्यात काय पेरावे हे घरात कोण ठरवितो, ह्या प्रश्नास फारसे कोणी हात घालीत नाही. आमच्या मते त्या प्रश्नावाचून बाकीची उत्तरे लंगडी राहतात.

प्रथम आपली जमीन पाहू. तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर वसले आहे. खाली काळी, वर मुरमाड, आणि दोहोंच्या पोटात काळा पाषाण, अशी आमच्या भागाची रचना आहे. पाणी मुरते ते मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत; त्याखाली विंधनविहीर शेकडो फूट नेली तरी बहुधा धूळच वर येते. पाऊस वर्षास सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा लहान वाटतो, परंतु हिशेब केल्यास एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी होते, आणि ७०० मिलिमीटर म्हणजे २८ लाख लिटर! देवाने आमच्या अंगणात थोडके ओतले असे म्हणावयास जागा नाही. ते कधी ओतले जाईल ह्याचा मात्र नेम नाही. १९७२ चा दुष्काळ वडील माणसांस स्मरतो. २०१२ पासून २०१६ पर्यंत बहुतेक वर्षे कोरडी गेली, व २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. उलट २०२५ च्या सप्टेंबरात ह्याच धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके गेली, आणि कित्येक ठिकाणी नद्यांनी शेताची मातीही खरवडून नेली. पीक दुसऱ्या वर्षी पुन्हा येते. माती तशी येत नाही.

अशा बेभरवशाच्या आभाळाखाली आमच्या पूर्वजांनी शेत कधी एकाच पिकाच्या स्वाधीन केले नाही. मूग, उडीद, तूर, खरिपाची ज्वारी, अंबाडी, कारळे ही एकमेकांच्या सोबतीने येत. काळ्या रानाचा एक भाग पावसाळाभर मोकळा ठेवून, कुळवून, ओल धरून, मग त्यात रब्बीची ज्वारी व करडई पेरीत. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रातून आलेली मालदांडी अशाच ओलीवर पोसते. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी भूमीस विसावा देण्याची जी आज्ञा आहे, तिचा अर्थ हा शेतकरी शास्त्र न वाचताही काही अंशी समजला होता. भूमी राबते, म्हणून तिला विसावा लागतो. आणि जी विसावा मागते ती केवळ आपल्या मालकीची वस्तू नव्हे.

गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आले, व खरिपाचे हे सर्व जुने कुटुंब बाजूस सरले. सोयाबीन वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ते शेंगवर्गीय आहे, त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरितात, आणि तीन-साडेतीन महिन्यांत ते रोख पैसा हाती देते. दोष सोयाबीनाचा नसून सोयाबीनशिवाय दुसरे काहीच नसण्याचा आहे. ते घरी शिजत नाही. त्याच्या भुसकटास कडब्याची सर येत नाही, म्हणून जनावरे विकली जातात. जनावरे गेली की शेणखत जाते. शेणखत गेले की जमीन कडक होते, पाणी मुरत नाही, व दरवर्षी खताची एक पिशवी अधिक लागते. भाव पडला तर बाजारातून तूरडाळ आणावयासही पैसा उरत नाही. शेतकऱ्याने डाळ विकत घ्यावी ह्यासारखी दुसरी विसंगती आम्हांस तरी ठाऊक नाही. जेथे पाणी आहे तेथे ऊस आला. त्यास वर्षभरात साधारण २,००० मिलिमीटरांहून अधिक पाणी लागते, म्हणजे आकाश देते त्याच्या जवळजवळ तिप्पट. ही तूट शेजाऱ्याच्या विहिरीतून भरून निघते, मग तो शेजारी मंडळीत आपल्याच बाकावर बसणारा का असेना.

आता ज्यांनी ह्या फेऱ्यातून वाट काढिली त्यांच्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली व हजारो माणसे दगावली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत प्रेमा गोपालन ह्यांनी उभारलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांस घरबांधणीच्या कामात सहभागी करून घेतले. (प्रेमाताई २०२२ साली निवर्तल्या.) घरे उभी राहिली, आणि बचतगटांत एकत्र आलेल्या स्त्रिया पुढे शेतीकडे वळल्या. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक साधी गोष्ट घरच्या पुरुषांपुढे मांडिली : सारे शेत तुमचे असो, परंतु त्यातील अर्धा किंवा एक एकर आम्हांस द्या, त्यात काय पेरावयाचे ते आम्ही ठरवू. आमच्याच तालुक्यातील गंधोरा गावच्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या गोदावरी डांगे ह्या त्या कार्यातील पुढारी स्त्रियांपैकी एक होत. हीच ‘एक एकर शेती’ म्हणून नावारूपास आली, व २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ह्या संस्थेस ‘इक्वेटर’ पारितोषिक दिले. त्या स्त्रिया बहुतांशी ख्रिस्ती नाहीत. तथापि सलाफहादाच्या मुलींनी जे मागितले त्याच्या अगदी जवळचे काही त्यांनी मागितले, आणि आमच्या मंडळ्यांनी त्यांच्यापासून शिकण्यात कमीपणा मानू नये.

त्या एका एकरात काय असते? ज्वारी किंवा बाजरी, तूर, मूग, हरभरा, घेवडा, भुईमुगाची थोडी रांग, कडेने अंबाडी व शेवगा, मेथी, शेपू, वांगी, मिरची, दोडक्याचा वेल, कोपऱ्यात कढीपत्ता. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जाती एका तुकड्यात दिसतात. हे कोणी शास्त्रज्ञाने आखून दिले म्हणून नव्हे. चूल अनेक वस्तू मागते आणि बाजार एकच मागतो, हे त्याचे कारण. जी रोज संध्याकाळी घरच्या पाच-सहा तोंडांपुढे ताट वाढिते तिच्या हाती शेताचा निर्णय गेला की शेतात आपोआप विविधता येते. भूमीस हवे तेही हेच. खोल मुळांची तूर, उथळ मुळांची ज्वारी, नत्र देणारा मूग, जमीन झाकणारा वेल. एक पीक बुडाले तर दुसरे तरते. आधी घरास खावयास मिळते, उरले ते आठवडी बाजारात जाते. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेताचा विचार करून ते विकत घेते व हाताच्या कमाईने मळा लावते, असे वर्णन आहे. आमच्याकडे त्या अध्यायातील सूत कातणे व पहाटे उठणे ह्यांवर प्रवचने पुष्कळ होतात. शेत विकत घेण्याच्या वचनावर आम्ही आजवर एकही ऐकिले नाही.

ह्या कामाच्या अडचणी झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिली ही की, पुरुष तुकडा देतात तो बहुधा माळावरचा, दगडगोट्यांचा देतात, आणि मग पीक आले नाही म्हणून हसतात. दुसरी, स्त्रीचे काम आधीच सूर्योदयापूर्वी सुरू होते. त्यावर एक एकर लादून पुरुषाने पारावर बसावे, असा ह्याचा अर्थ झाला तर तो जुलूमच होईल. वखरणी, पाणी धरणे व रात्रीची राखण ही कामे पुरुषाने उचलिली पाहिजेत, विशेषतः रानडुकरांचा उपद्रव असेल तेथे. तिसरी, पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न कमी येण्याचा संभव आहे, कारण खताच्या पिशवीची सवय लागलेली जमीन एकदम सुधारत नाही. ह्यासाठीच आम्ही एका एकरापासून आरंभ करावा म्हणतो. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक घटले, शेतकरी रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो हुकूम मागे घ्यावा लागला. आम्ही रासायनिक खताचे शत्रू नव्हे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यास उद्यापासून सर्व सोडून दे म्हणून सांगणारा उपदेशक त्याच्या कर्जाचा वाटेकरी होणार आहे काय?

शेणाचा प्रश्न मोठा आहे. जीवामृताची कृती आता सर्वत्र पसरली आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ व मूठभर बांधाची माती, असे तिचे प्रमाण सांगतात. ते चांगले आहे, परंतु शेणखताच्या गाडीचे काम ते करू शकत नाही, असे आमचे मत आहे. ज्याच्या दावणीस गाय नाही त्याने शेळीकडे पाहावे. आपल्या जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली काळी उस्मानाबादी शेळी थोडक्या चाऱ्यावर राहते, बहुधा जुळी देते, आणि तिच्या लेंड्यांचे खत एका एकराच्या मळ्यास फार उपयोगी पडते. किडीसाठी निंबोळी अर्क घरीच होतो : ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून, एकंदर १०० लिटर पाणी करावे, व संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी पडतात. शब्बाथशाळेच्या मुलांनी त्या वेचल्या तर मंडळीस वर्षभर पुरतील.

आता कायद्याविषयी. हा भाग उपदेशकांनी दोनदा वाचावा. आम्हा ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला व मागे पत्नी आणि मुले असली, तर पत्नीस एक तृतीयांश मिळतो, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान वाटले जाते. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. ज्या घरांस हिंदू वारसा कायदा लागू होतो तेथेही महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच हक्क दिला. म्हणजे सलाफहादाच्या मुलींचा निकाल आमच्या देशाच्या कायद्यातही लिहिला गेला आहे. पण आमच्या घरांत काय होते? नाताळास बहीण माहेरी येते, तिला साडीचोळी होते, आणि सणाच्या गोडधोडानंतर हक्कसोडपत्रावर सही करावयास तिला तालुक्याच्या गावी नेतात. ती सही करते, कारण माहेर तुटेल ह्याचे तिला भय असते. कोणी आपखुशीने हक्क सोडीत असेल तर आमचे काही म्हणणे नाही. परंतु भयाने दिलेल्या सहीस आपखुशी म्हणणे हे दहा आज्ञांपैकी एकीस तरी बाधते.

ज्याचे नाव सातबारावर नाही तो सरकारदरबारी शेतकरी ठरण्यास फार अडचण पडते. पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई, सरकारी अनुदान, ही सर्व बहुधा त्या कागदाच्या मागे चालतात. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला अशा घरात विधवेस प्रथम ह्याच भिंतीवर डोके आपटावे लागते. दीर म्हणतो जमीन माझ्या नावे, सावकार म्हणतो कर्ज तुझ्या नवऱ्याचे. म्हणून मरण आले की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसनोंदीचा अर्ज द्यावा व पोच घ्यावी. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीस १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करितात. उपदेशकाने दफनविधी चालवून परत फिरू नये. महिन्याभरात त्या घरी जाऊन अर्ज झाला की नाही हे विचारावे. ह्याहून चांगला मार्ग म्हणजे नवरा जिवंत असतानाच पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावणे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी ह्यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ ह्या नावाने ही चळवळ केली, आणि १९९२ साली महाराष्ट्र सरकारने तशी नोंद करण्याविषयी परिपत्रक काढिले. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे वर्ष शेतकरी स्त्रीचे म्हणून ठरविले. कागद सर्वत्र तयार आहेत. उणीव आहे ती घरातल्या मनुष्याने उठून चावडीत जाण्याची.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांस मुळीच जमीन नाही. त्यांनी हा पाठ आपला नव्हे असे समजू नये. नळदुर्गावरून जो राजमार्ग उमरगा, हुमनाबादवरून हैदराबादेस जातो, त्याच मार्गावर पुढे तेलंगणात जहीराबाद लागते. १९४८ पर्यंत तो मुलूख व आपला मुलूख एकाच निजामी राज्यात होता. तेथे पस्तापूर येथे १९८३ साली सुरू झालेल्या ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ने गावोगावी स्त्रियांचे संघम उभे केले, त्यांतील बहुतेक स्त्रिया गरीब व दलित घरांतील. पडीक जमिनी त्यांनी गटाने कसण्यास घेतल्या, ज्वारी, बाजरी, राळे व डाळी मिसळून पेरल्या, आणि बियाण्याच्या पेढ्या घातल्या, जेथून मूठभर बी नेऊन सुगीनंतर त्याहून अधिक परत करावयाचे. २०१९ साली त्यांसही तेच ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. मंडळीच्या आवारात, कौलाखाली, राख व कडुनिंबाचा पाला घालून मातीच्या रांजणांत अशी बियाण्याची पेढी ठेवावयास कोणाची परवानगी लागते? पंचांची बैठक पुरे.

मिशनच्या इतिहासाचीही येथे थोडी आठवण करणे युक्त आहे. सॅम हिगिनबॉटम ह्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनऱ्याने १९१० साली अलाहाबादेजवळ यमुनेच्या काठी शेतकी शिक्षणाची संस्था काढिली. नांगर धरणे हे शुभवर्तमानाच्या सेवेबाहेरचे काम आहे, असे म्हणणाऱ्या आपल्याच सोबत्यांशी त्यास वाद घालावा लागला. आज तो वाद कोणी घालीत नाही. कुळवाच्या दांड्याबरोबर त्या शेताच्या कागदावरील नावांकडेही मंडळीने पाहावे काय, हा वाद मात्र अजून शिल्लक आहे.

उपदेशक बंधूंनो, हा पाठ शिकवून झाल्यावर पुढील प्रार्थनासभेस प्रत्येक घराने आपला सातबारा आणावा असे सांगा. ज्यांस वाचता येत नाही त्यांस तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्या घरात आई किंवा बहीण ह्यांचे नाव असावयास हवे होते व नाही, तेथे घरी जाऊन, चारचौघांत न बोलता, विचारपूस करा. पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनच्या बियाण्याचीही परीक्षा करून घ्यावी. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे, रोज पाणी शिंपडावे, व पाच-सहा दिवसांनी मोडलेले दाणे मोजावे. ७० किंवा अधिक निघाले तर ते बी पेरण्यास चांगले, दुकानाची पायरी चढावयास नको. त्याहून कमी असल्यास बियाणे त्या मानाने वाढवावे लागेल. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून पोत्यांची थप्पी उंच लावू नये व पोती आपटू नयेत. ही मोजणी घरच्या बाईने करावी; वाचलेले पैसे कोणत्या एकरात घालावयाचे हेही तिलाच ठरवू द्यावे.

पुढील आठवड्याचा पाठ रूथ, अध्याय २. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी परकी विधवा आणि बांधावर धान्य सोडण्याची आज्ञा, हा त्याचा विषय आहे. लेवीय १९:९–१० व अनुवाद २४:१९–२२ ही वचने आधी घरी वाचून यावे.